एफ्राझियाबाईचा जीव जाईना

एफ्राझियाबाई तीन दिवस मरत होती, पण तिचा जीव काही जात नव्हता. मधूनमधून डोळे मिटूनच ती विचारायची, "कुणाला हवंय?" ती काय देऊ करतेय हे सगळ्या नदीकाठाला ठाऊक होतं, म्हणून कोणी हूं की चूं करत नसे. म्हातारी माचिंता होती. रात्री पक्षी होऊन छपरांवर शीळ घालायची आणि सकाळी माणूस होऊन दारोदार तंबाखू मागत फिरायची. एखादी बाई 'मला' म्हणाली की ते सगळं तिच्या अंगात शिरतं. तोवर माचिंताला मरण नाही. यात वादाचा प्रश्नच नव्हता.

भेटायला येणारे फार जपून बोलत. सून लिंदाल्वाने कॉफीचं विचारलं की नुसती मान हलवत, तीही आडवी. शेजारीण ओलिंदिनाने तर हातच जोडले. "नको गं बाई, या घरात मला काही म्हणजे काही नको!" एवढं बोलून ती तासभर बसून राहिली.

"बावीस वर्षं माझ्या कालवणाला नावं ठेवली," लिंदाल्वा नवऱ्यावर डाफरली, "आणि आता मरायलाही अडून बसलीय."

"आई आहे माझी," झुवेनाल म्हणाला.

"मग तूच घे की!"

"ते बायकांनाच मिळतं," झुवेनाल म्हणाला आणि जाळं विणायला बाहेर गेला. सुटला बिचारा.

तिसऱ्या दुपारी म्हातारीची घरघर वाढली. दोरांनी टांगलेल्या झोळीत ती नुसती तळमळत होती. "कुणाला..." एवढं म्हणतेय तोच नऊ वर्षांची नात जुसारा नदीवरून ओल्या पायांनी आत आली. म्हातारीने तोंड गच्च मिटलं. पोर अर्धा तास आजीचं कपाळ चेपत बसली. म्हातारीने ओठ चावून रक्त काढलं, पण शब्द काढला नाही. पोर बाहेर गेली, तेव्हा कुठे म्हातारीने विचारलं, "कुणाला हवंय?"

मासा साफ करता करता लिंदाल्वा थांबली. तीनही दिवस हे असंच चाललं होतं. पोरीला एकदा विचारलं असतं, तर मायेपोटी ती लगेच हो म्हणाली असती. म्हातारी पहिल्याच दिवशी सुटली असती.

लिंदाल्वाने झग्याला हात पुसले. "मला द्या."

"अगं वेडे, काय बोललीस हे!" आजही येऊन बसलेली ओलिंदिना एका उडीत दाराबाहेर.

म्हातारीने एक डोळा उघडला. "तुला? तुला झेपायचं नाही."

"नाही झेपलं तर बघेन माझी मी. द्या म्हणतेय ना!"

सासूने तिचा हात धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. "एक ऐक. तुझी वेळ आली ना, की जुसारासमोर तोंड उघडायचं नाही."

"तेवढं कळतं मला."

"म्हणून तर देतेय," म्हातारी म्हणाली आणि गेली.

लिंदाल्वा ढसाढसा रडली. बिचारी स्वतःच्या नशिबाला रडतेय, असं ओलिंदिनाने काठावर सगळ्यांना सांगितलं. ती सासूसाठी रडत होती.