इंजेक्शनांचा थर्मास

मी एक थर्मास बोलतोय. रुंद तोंडाचा, निळ्या पट्ट्याचा. डोमाजी बालाघाटच्या राइस मिलमध्ये कामाला. त्यांना दुपारी गरम वरण मिळावं म्हणून त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, मला बाजारातून आणलं. पुढे डोमाजींच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली आणि माझ्या पोटात वरणाऐवजी बर्फ आला.

नागपूरच्या डॉक्टरांनी पोटातून सुई घालून गाठ जागच्या जागी उष्णतेनं जाळली. मग म्हणाले, "न दिसणारं काही उरलं असेल, तर ते शरीरानंच ओळखून मारायला हवं. तेवढं बळ चेतवणारी इंजेक्शनं देऊ. उपाय नवा आहे, खात्री देत नाही."

"द्या," तुळसाबाई म्हणाल्या.

इंजेक्शनं थंडच राहायला हवी होती. तापली तर वाया, गोठली तरी वाया. तुळसाबाई ती फडक्यात गुंडाळून माझ्यात ठेवत आणि नागपूरहून गोंदिया, तिथून छोट्या रेल्वेगाडीनं बालाघाटला आणत. वाटभर माझा जीव टांगणीला.

दर इंजेक्शनानंतर डोमाजींना हुडहुडी भरून ताप यायचा. "हे औषध हाय का दुखणं? मले नको आता," ते चिडायचे.

"हौ, नका घेऊ. मंग मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?" तुळसाबाई विचारायच्या. ते बाही वर सारायचे.

एकदा मे महिन्यात छोट्या गाडीचं इंजिन मध्येच बिघडलं. डबा भट्टीसारखा तापला. तुळसाबाईंनी झाकण उघडून बोट घातलं. नुसतं पाणी!

डब्यात एक लग्नाचं वऱ्हाड होतं. सरबतासाठी त्यांनी पोत्यात बर्फाची लादी आणली होती. तुळसाबाई कधी कुणाकडे काही मागणाऱ्या नव्हत्या. त्या उठल्या.

"भैया, थोडा बर्फ दोगे?"

"बाई, बारात प्यासी रह जाएगी," नवरदेवाचा काका मोतीलाल म्हणाला.

"मेरे आदमी की दवा है. लिव्हर का कैंसर है."

हळदीनं पिवळ्या हातांनी नवरदेवानंच लादीवर तांब्या आपटला. "पहले दवा," म्हणत त्यानं मला भरलं.

घरी पोचल्यावर शेजारच्या शीला सिस्टरनं बाटली उजेडात धरली. "दिसते तर साफ. पन गुन राह्यला का गेला, कसं सांगू?" तिनं नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "बर्फ वितळला तेव्हा पाणी तरी गार होतं ना?" "हौ, गार होतं," तुळसाबाई म्हणाल्या. "मग द्या." तिनं दिलं. तुळसाबाई डोमाजींच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. कपाळ गारच. बराच वेळ गारच.

संध्याकाळी डोमाजींचे दात वाजू लागले.

"ताप आला!" तुळसाबाई रडत हसल्या. "औषध जितं हाय!"

"माह्या तापानं कोनी खूश होते का वं?" गोधडीतून डोमाजी म्हणाले, आणि तेही हसले.

इंजेक्शनं संपली. सोनोग्राफीत नवी गाठ दिसली नाही. पण डॉक्टर म्हणाले, "दर काही महिन्यांनी दाखवत राहा." तपासणी जवळ आली की घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. फळीवर बसून मीही तुळसाबाईंच्या हाताकडे पाहत राहतो.

आम्हा भांड्यांना वापरात राहावंसं वाटतं. मला नाही वाटत. माझ्यावर धूळ बसू द्या, पट्टा कुजू द्या. तुळसाबाई, मला खाली काढू नका.