जोडीतला उरलेला भोपळा

मित्रांनो, मला हातात घ्या आणि कानाशी हलवा. खुळूक, खुळूक असा आवाज आला ना? त्या माझ्या बिया. त्या वाजतात तोवर मी कोरडा आहे, आणि मी कोरडा आहे तोवर पाण्यावर तुम्हांला धरू शकतो. बोलायला माझ्याजवळ एवढा एकच शब्द आहे.

मी एक जुना कडू भोपळा आहे. आमचे गाव मालवण आणि कुडाळच्या मधल्या डोंगरात आहे. गावाला मोठा तलाव आहे. तलावाच्या तीन बाजूंना रान आणि चौथ्या बाजूला देवीचे देऊळ. देवळापासून चिऱ्याच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. पायऱ्या आहेत तोवर मुलांच्या पायांना जमीन लागते. पायऱ्या संपल्या की तळ एकदम खाली जातो. वरचे हातभर पाणी उन्हाने कोमट असते, त्याखालचे थंडगार. पहिल्यांदा पोहणाऱ्या मुलाच्या पायांना ते गार पाणी लागले की मूल दचकते. मीही दचकत असे. अजूनही दचकतो.

सुगंधाकाकीच्या मांडवावर माझा जन्म झाला. मी आणि माझा जोडीदार एकाच वेलीवर शेजारी लटकलो होतो. कडू भोपळा कोणी खात नाही, म्हणून आम्ही वेलीवरच वाळलो. मग काकीने आम्हांला चुलीवरच्या आढ्याला टांगले. धुराने आमची साल लाकडासारखी टणक झाली आणि आतला गर सुकून बिया मोकळ्या झाल्या. एके दिवशी काकीने काथ्याच्या दोरीची दोन टोके आमच्या दोघांच्या मानेला बांधली. अशी आमची जोडी झाली. दोरी मुलाच्या छातीखालून घ्यायची, एक भोपळा डाव्या बगलेशी, एक उजव्या. आमच्या गावातली बहुतेक मुले अशीच पोहायला शिकली.

मे महिना आला की मुंबईची मंडळी गावी येत. वैशाखात देवीचा उत्सव असे. पायऱ्यांच्या वर खाज्याची आणि सरबताची दुकाने लागत, डोणीतून तलावाची फेरी मारायला पाहुण्यांची झुंबड उडे. आणि खाली पायऱ्यांवर काकी बसे, समोर भोपळ्यांच्या जोड्या मांडून. कुठलीही जोडी मुलाला बांधण्यापूर्वी ती दोन गोष्टी करी. आधी प्रत्येक भोपळा कानाशी हलवी. मग तो दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरी आणि बुडबुडे येतात का ते पाही. त्या वेळी ती कोणाशी बोलत नसे. मला तिच्या त्या गप्प राहण्याचा मोठा आधार वाटे. सगळा गाव आमचे कौतुक करी, पण आमच्यावर पुरता विश्वास न ठेवणारी तेवढी एकटी काकीच होती.

त्या वर्षी काकीचा धाकटा दीर हरिश्चंद्र मुंबईहून आला. तो कापडाच्या पेढीवर कारकून होता आणि स्वभावाने मोठा गमत्या. बरोबर त्याची आठ वर्षांची मुलगी होती, सावित्री. तिने मला हलवून पाहिले आणि ती इतकी खूश झाली की दिवसभर मला आणि माझ्या जोडीदाराला वाजवत फिरली. मला ती तेव्हाच आवडली.

उत्सवाच्या सकाळी काकी आम्हांला तपासत होती.

हरिश्चंद्र म्हणाला, "वयनी, तू आजून भोपळो कानाक लावन बसतंस? थंय रशियावाल्यांनी आकाशात नवो चंद्र सोडल्यानी!"

"सोडूंदेत, भावजी," काकी म्हणाली. "त्यांचो चंद्र फुटलो तर त्यांका दुसरो मेळतलो. माका दुसरा पोर खंय मेळतला?"

तो हसला. तीही हसली. आम्ही दोघेही पास झालो आणि वरच्या पायरीवर उन्हात पडून राहिलो.

पालखी निघायची वेळ झाली तशी काकीला देवळातून बोलावणे आले. जाताना तिने सावित्रीला बजावले, "मी येयसर पाण्यात जाव नको हां, बाय."

पण तलाव समोर होता, ऊन कडक होते आणि सावित्रीने बापाचा हात ओढायला सुरुवात केली. "बाबा, चला ना! काकीने सकाळीच तपासलेत!"

हे खरे होते. काकीने तपासले होते, सकाळी.

"चल तर," हरिश्चंद्र म्हणाला. सावित्री धावतच पायऱ्या उतरली. त्याने आमची जोडी उचलली आणि "झेल!" म्हणून वरूनच खाली तिच्याकडे फेकली. तिच्या हातांत आलो मी. माझा जोडीदार दोरीच्या टोकाला गिरकी घेऊन चिऱ्यावर आपटला.

टक्.

तो आवाज मी ऐकला. बाकी कोणी ऐकला नाही, कारण देवळात ढोल सुरू झाले होते. सावित्रीने जोडीदाराला कानाशी नेऊन हलवले. खुळूक, खुळूक. "वाजतोय, बाबा!" ती म्हणाली. वाजणारच. पाणी अजून आत गेले कुठे होते? चीर केसाएवढी होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती. ती फक्त पाण्याला सापडणार होती.

हरिश्चंद्रने दोरी बांधली आणि मुलीला पाण्यात सोडले. तो स्वतः पायरीवर बसला. त्याला पोहता येत नव्हते. लहानपणीच तो मुंबईला गेला होता.

सुरुवातीला सगळे ठीक होते. चीर वरच्या बाजूला होती आणि सावित्री हळूहळू हात मारत होती. मग ती धीट झाली. लाटा उसळल्या, जोडीदार पाण्यात फिरला आणि चीर खाली गेली. माझ्या बाजूला खुळूक, त्याच्या बाजूला खुळूक. मी ऐकत होतो. काही वेळाने त्याचा आवाज ओलसर झाला. मग जड. मग त्याच्या बाजूने काहीच येईना.

मित्रांनो, भरलेला भोपळा कोणाला खाली ओढत नाही. तो फक्त धरत नाही. आणि त्या दिवशी याहून भयंकर गोष्ट मला कळली. त्याची बाजू धरत नव्हती आणि माझी धरत होती. मी उजवा खांदा वर उचलत होतो, म्हणून ती डावीकडे कलत होती. तिचे तोंड पाण्याकडे वळत होते. मी जितके माझे काम चोख करत होतो, तितकी ती उलटी होत होती. मला फुटता आले असते तर मी फुटलो असतो. पण भोपळ्याला स्वतःहून फुटता येत नाही.

तिने डोके वर काढले, तोंड उघडले, पण ओरडायला श्वास लागतो आणि तो तिला पुरत नव्हता. तिने हात पाण्यावर आपटले. पायरीवरून हरिश्चंद्रने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! मार हात! मार!" त्याला ते पोहणे वाटले. बुडणारे मूल ओरडते असे तुम्हांलाही वाटत असेल. ते ओरडत नाही. आम्ही पायऱ्यांपासून दूर सरकत होतो आणि तिच्या पायांना ते खालचे गार पाणी लागले होते, हे मला तिच्या थरथरीवरून कळत होते. मी वाजत होतो, पण ती हलेल तेवढाच मी वाजणार. आणि ती आता कमी हलत होती.

देवळाच्या दारात पालखी टेकली आणि ढोल थांबले. काकी प्रसादाचे ताट घेऊन पायऱ्यांवर आली. तिने पाण्यात सावित्रीला पाहिले आणि ती रागाने काही बोलणार, एवढ्यात थांबली. नेहमीसारखी मान कलती करून तिने ऐकले.

"भावजी, एकच वाजता."

"काय वाजता?"

"दोनातलो एकच वाजता!"

ताट पायरीवर आदळले. नेसत्या लुगड्यानिशी काकीने उडी घेतली. तिने आधी सावित्रीचे तोंड वर केले, मग मला दंडाखाली दाबून तिला पायऱ्यांकडे ओढत आणले. दोरीची गाठ भिजून घट्ट झाली होती, सुटेना. खाजेवाल्याची सुरी आणून ती कापली. सावित्री निळसर पडली होती. काकीने तिला पालथे धरले, पाठीवर थापट्या मारल्या, मग तिच्या पाठीला कान लावला. आम्हांला लावायची तसाच. मी चिऱ्यावर पडलो होतो. माझ्या बिया हलत नव्हत्या.

मग सावित्री खोकली. पाणी ओकली आणि रडू लागली.

"रड गो बाय, रड," काकी म्हणाली. "मोठ्यान रड."

हरिश्चंद्रने माझ्या जोडीदाराला उचलून हलवले. आत पाणी डचमळले. त्या दिवसापासून त्याने मुलांना झेल म्हणून काही फेकलेले कोणी पाहिले नाही.

काकीने जोडीदाराला चिरले. त्याच्या बिया तिने मांडवाखाली पेरल्या आणि त्याच्या अर्ध्या सालीत भांडी घासायची राख ठेवली. मला खुंटीला टांगले. एकट्या भोपळ्याला कोण मागणार? वर्षे गेली. रस्ता झाला, एस.टी. आली, शाळांच्या सहली येऊ लागल्या. पाहुणे मोटारीच्या चाकातल्या काळ्या ट्यूबा घेऊन तलावात उतरू लागले. मी खुंटीवरून त्यांचे हसणे ऐकत असे. एखादे हसणे मधेच थांबले की मी घाबरत असे, आणि ते पुन्हा सुरू झाले की माझा जीव भांड्यात पडे. कधी मला सालीत किडा कुरतडल्यासारखे वाटे. खरेच कुरतडत होता की भास होता, मला सांगता येत नाही.

आज सावित्री आली आहे. आता ती कॉलेजात शिकते. बरोबर हरिश्चंद्र आहे, पिकल्या केसांचा, आणि तिचा धाकटा भाऊ लवू, ट्यूब गळ्यात घातलेला. तिने ट्यूब त्याच्या गळ्यातून काढली आणि कानाशी धरली.

"ताई, तो काय रेडिओ आहे?" लवू म्हणाला.

"जे वाजत नाही, ते एकटेच मी कोणाला बांधणार नाही," ती म्हणाली. तिने मला खुंटीवरून उतरवले आणि हलवले. खुळूक, खुळूक. तिच्या चेहऱ्यावर जुने हसू आले. "हा बघ, अजून वाजतो! ट्यूबेबरोबर हाही घे."

ती निर्धास्त झाली आणि मी भीतीने आक्रसलो. अगं बाई, त्या दिवशी माझा जोडीदारही वाजलाच होता! बिया वाजतात म्हणजे आत अजून पाणी गेलेले नाही, एवढेच. साल शाबूत आहे हे बियांना ठाऊक नसते.

ती दोरी मागत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब गो," हरिश्चंद्र म्हणाला. "आधी बुडवून बघूक होया."

आता तो खालच्या पायरीवर गुडघे टेकून बसला आहे आणि दोन्ही हातांनी त्याने मला पाण्याखाली दाबले आहे. काकी आली आहे, पण ती काही बोलत नाही. लवूलाही कोणी बोलू देत नाही.

मित्रांनो, मी जुना आहे, मी अनेकांना तारले आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. दर वेळी तपासा. सकाळी तपासले असेल तर दुपारी पुन्हा तपासा. आधी सालीला चिकटलेले हवेचे बारीक मणी सुटून जातील, त्यांना भिऊ नका. ते संपल्यावर एकाच जागेतून एकामागून एक बुडबुडे येतात का, ते बघा. मला आतून काही कळत नाही. पाणी गार आहे. तुम्ही वरून नीट बघा.