पडलेलं आणि मेलेलं

"पयली करवत इथंच लावा," असं जंगलखात्याचा नाकेदार मदनसिंग गड्यांना म्हणाला, आणि गोजराबाई त्या आडव्या करंजावर जाऊन बसली.

अडतीस सालच्या पुरानं रिठदच्या नाल्याकाठची नऊ झाडं लोळवली होती. पण अर्धी मुळं अजून काठात घट्ट होती. त्या काठाला लागूनच गोजराबाईची वांग्यांची वाडी. मुळं गेली की काठ ढासळणार, आणि पुढच्या पुरात वाडी.

"ऊठ वो बाई. सरकारी हुकूम हाये."

"वाचून दाखवा."

मदनसिंगनं कागद उलगडला. "नाल्यातली मेलेली झाडं तोडावी."

"मंग हे कायले तोडता? हे पडले हायेत. मेले नाईत."

गडी खो-खो हसले. तिचा नवरा चंपत कुजबुजला, "चाल ना घरी. काहून भांडून राह्यली?"

"तू काय झाडायची वैदीण हायेस?" मदनसिंगनं हसत विचारलं.

"तुमीच पाहा ना नाडी!"

तिनं अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. खाली ओलं, हिरवंगार. मदनसिंग वाकला. पुढच्या झाडावर त्यानं स्वतःचं नख चालवलं. हिरवं. त्याच्या पुढचंही हिरवं. आठ झाडं झाली तेव्हा त्याचं हसू मावळलं होतं.

"बस झालं. समदे जिते हायेत," म्हणत त्यानं कागदाची घडी केली.

नववं झाड जांभळाचं, तिच्याच वाफ्यांना टेकलेलं. काल तिनं ते खरवडून पाहिलं होतं; आत कोरडं ठाक. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं?

"थांबा, नाकेदार. हे मेलं. न्या."

चंपतनं कपाळाला हात लावला. मदनसिंग मात्र तिच्याकडे पाहतच राहिला.

पुढच्या श्रावणात नाला पुन्हा फुगला. जांभळाच्या जागेचे दोन वाफे गेले. पण आठ झाडांमागं हातभर गाळ साचला, आडव्या खोडांवर फुटवे सरळ उभे राहिले आणि बाकी काठ तसूभर हलला नाही. खालच्या गावात जिथं सरसकट करवत चालली होती, तिथं नाला शेतात शिरला होता.

कार्तिकात मदनसिंग आपणहून वाडीवर आला. मागं करवतवाले.

"गोजराबाई, खालच्या गावी चाला. यंदाच्या पुरानं तिथं आनखी बारा झाडं आडवे केले. तुमी पाह्यल्याबिगर मी हात लावत नाई."

"बसा जरा. लेक पिऊन राह्यली."

सरकारी माणसं करवती बाजूला ठेवून धुऱ्याच्या बांधावर बसली. दोन महिन्यांची पोर पदराआड सावकाश पीत होती. गोजराबाईनं घाई केली नाही.