अक्रोड नव्हता, अंजीरही नव्हता

ग्रीसमधल्या आमच्या इपिरसच्या डोंगरात अक्रोडाखाली किंवा अंजिराखाली कुणी मूल झोपवत नाही. त्यांची सावली जड असते, अंगावर बसते. माझी मुलगी फानी हॉटेलात कामाला, म्हणून नातवाला सांभाळायला मी या समुद्रकाठच्या गावात आले, तेव्हा अंगणातलं झाड आधी नीट पाहून घेतलं. अक्रोड नव्हता, अंजीरही नव्हता. म्हटलं, चालेल. नाव विचारायला या किनाऱ्यावरच्या लोकांचे पाय कोण धरणार!

परवा दुपारी भांडी विसळून बाहेर आले, तर तीन वर्षांचा थीमिओस त्याच झाडाखाली बसलेला. हनुवटीवर लाळ, मुठीत झाडाची हिरवी फळं, त्यातलं एक अर्धं चावलेलं.

विषबाधेच्या नंबरवर फोन लावला.

"झाड कोणतं, आजी?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"मोठं आहे गं. छत्रीसारखं. पान अक्रोडासारखं, पण कातरलेलं."

"नाव हवंय. शेजारी कुणाला तरी विचारा, मी थांबते फोनवर."

शेजारी! दुपारच्या झोपेची वेळ, सगळ्या खिडक्या बंद. या वेळेला इथं कुणी कुणाचं दार वाजवत नाही. आणि मी तर महिनाभरात कुणाला साधा नमस्कार केला नव्हता. पोराला काखोटीला मारलं आणि समोरचं दार मुठीनं बडवलं.

बनियनमधला एक म्हातारा डोळे चोळत आला. "आग लागलीय का, बाई? झोपायची वेळ आहे ही!"

"माझ्या अंगणातलं झाड कसलं ते सांगा! पोरानं फळ खाल्लंय!"

त्याची झोप उडाली. "मेलिया आहे ती! विषारी असतं फळ. इथं शेंबडं पोरसुद्धा तोंडात घालत नाही."

मी फोन त्याच्या कानाला लावला. नाव सांगता सांगताच तो अनवाणी गाडीची किल्ली शोधायला लागला.

दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, कडू लागल्यावर थुंकलं असणार, पोटात फारसं गेलेलं नाही. पण रात्रभर लक्ष ठेवू. मला तिथंच हुंदका फुटला.

फानी हॉटेलच्या कपड्यांतच धावत आली. पोराला उराशी धरून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हाताऱ्याकडे वळली.

"काका, उद्यापासून मी कामावर गेले की याच्यावर जरा नजर ठेवाल?"

"अगं, आजी आहे की घरात," तो चाचरत म्हणाला.

"आहे ना," फानी म्हणाली. "म्हणूनच."