चार नंबरच्या खोलीतला आकडा

"काढा तार," ऑफिसचे साहेब म्हणाले, आणि चौकश्यांनी तार काढली.

चौकशे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. संगणकांचं जाळं टाकण्याआधी गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारून लिहून आणायचं आणि जाळं टाकून झालं की ते लिहिल्याप्रमाणे चालतंय का हे तपासायचं, ही दोन कामं ते बावीस वर्षं करत होते. माणूस इतके प्रश्न विचारायचा, की ऑफिसने त्यांचं नावच चौकशे ठेवून टाकलं.

आजची तपासणी इस्पितळाच्या नव्या विभागाची होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावतील एवढाली बाळं उद्या इथे हलवायची होती. आठ खोल्या, प्रत्येक खोलीत एक काचेची पेटी, आणि बाहेर नर्सच्या टेबलावर एक मोठा पडदा. आठही बाळांच्या हृदयाचे ठोके त्या पडद्यावर दिसायचे. आज बाळं नव्हती, म्हणून आठ धडधाकट माणसं बोटाला चिमटे लावून खोल्याखोल्यांत बसवली होती. एक नंबरला स्वयंपाकी, चार नंबरला लिफ्टवाला, सातला खुद्द साहेबांचा ड्रायव्हर.

प्रत्येक खोलीला दोन तारा होत्या, आठही खोल्यांच्या पहिल्या तारा एका जाड तारेत मिळायच्या; ती निकामी झाली तर दुसऱ्या तारांनी भार उचलायचा, अशी योजना होती. पडदा क्षणभर थरथरला आणि पुन्हा आठही आकडे हिरवेगार झाले. 'तार काढल्यावर पडदा बंद पडू नये', या ओळीपुढे चौकश्यांनी बरोबरची खूण केली. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर उठल्या. एकोणीस वर्षं हीच बाळं सांभाळणारी बाई, महिनाअखेरीला निवृत्त होणार होती. त्या तडक चार नंबरच्या खोलीत शिरल्या.

"काय झालं हो सिस्टर?" चौकशे मागोमाग धावले.

"याचा आकडा मेलाय."

"मेलाय? बहात्तर दाखवतोय की! ठणठणीत आहे गडी!"

सिस्टर लिफ्टवाल्याकडे वळल्या. "ऊठ रे बाबा. वीस बैठका काढ बघू. चिमटा मात्र बोटालाच राहू दे."

"बाई, जन्म लिफ्टमध्ये गेला माझा, जिनासुद्धा चढत नाही मी," असं कुरकुरत त्याने बैठका काढल्या. पंधराव्या बैठकीला त्याच्या छातीचा भाता झाला. चेहरा लालबुंद, घाम निथळतोय. सगळ्यांनी दारातून बाहेरच्या पडद्याकडे पाहिलं. बहात्तर.

पलीकडून ऐकणाऱ्या साहेबांच्या ड्रायव्हरला हसू आलं, आणि सातचा आकडा मात्र लगेच वर चढला.

चौकश्यांनी खाली वाकून तारा तपासल्या. चार नंबरची दुसरी तार लागलीच नव्हती. माहिती यायची थांबल्यावर पडदा शेवटचा आकडा धरून बसला होता, आणि त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली होती. उद्या त्या खोलीत बाळ असतं!

"तुम्हाला कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

"जिवंत आकडा एका जागी बसतो होय? एकाहत्तर, त्र्याहत्तर, पुन्हा एकाहत्तर, त्याचं आपलं चाललेलं असतं. सात-आठ सेकंद हलला नाही की मी उठते. जुना पडदासुद्धा असाच गोठतो अधनंमधनं."

"अहो, मग महिन्यापूर्वी मी आलो तेव्हा का नाही सांगितलंत? चाळीस प्रश्न विचारले मी!"

"काय हवंय ते विचारलंत तुम्ही. मला काय हवं असणार? मी उठते ना."

"ती तार लावून घ्या आणि मोकळे व्हा," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "उद्या बाळं यायचीत."

"तार लावतो साहेब. पण पडद्याचं काय? पुढच्या महिन्यात सिस्टर नसतील. मग कोण उठणार?"

साहेब चिडले, बरंच बोलले. चौकश्यांनी तपासणीच्या कागदावर सही केली नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते जुन्या विभागात गेले आणि सिस्टरांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सिस्टर औषधं लिहीत होत्या, फोन घेत होत्या, धाकट्या नर्सला रागावत होत्या. पडद्याकडे त्या बघतायत असं एकदाही वाटलं नाही. आणि दहाच्या सुमाराला, लिहिता लिहिता, त्या उठल्या. चौकश्यांनी पडद्याकडे पाहिलं. सगळं झकास दिसत होतं. खोलीचं जाड दार उघडलं तेव्हा आत पेटीजवळची बारीक घंटा वाजत होती आणि बाळ निळसर पडलं होतं. श्वास घ्यायचाच विसरलं होतं ते! सिस्टरांनी पेटीत हात घालून त्याच्या तळपायावर बोटाने दोन टिचक्या मारल्या. बाळाने एक आचका दिला आणि छाती हलू लागली.

"असे विसरतात कधी कधी. आठवण करून द्यायची," सिस्टर म्हणाल्या आणि हात धुऊन उरलेली ओळ लिहायला बसल्या.

चौकशे तोंडात बोट घालून उभेच राहिले. एवढं मोठं जाळं त्यांनी टाकलं होतं, पण असं काही त्यांच्या कुठल्या यंत्रात नव्हतं. संध्याकाळी घरी त्यांनी सगळं बायकोला सांगितलं.

"त्यात काय एवढं?" बायको पोळी लाटता लाटता म्हणाली. "पोर आतल्या खोलीत गप्प बसलं की आपण उठतोच की." मग लाटणं थांबवून म्हणाली, "पण आठ-आठ पोरं, तीही परक्यांची, एकोणीस वर्षं! धन्य आहे हो बाईची."

त्याच रात्री जेवणाआधी चौकश्यांनी कागदावर नवी ओळ लिहिली: 'माहिती यायची थांबली तर तीन सेकंदांत आकडा पुसला जावा आणि घंटा वाजावी.' पडदा तसा करून घ्यायला नऊ दिवस लागले. साहेब नऊ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

दहाव्या दिवशी पुन्हा माणसं खोल्याखोल्यांत बसली. लिफ्टवाल्याने "बैठका नाहीत ना?" असं आधीच विचारून घेतलं. या खेपेला चौकश्यांनी चार नंबरच्या दोन्ही तारा काढल्या.

एक. दोन. तीन. आकडा पुसला गेला, तिथे लाल चौकोन आला आणि घंटा घणघणली. धाकटी नर्स टुणकन उठून धावली, चार नंबरमध्ये शिरली. "आलेय मी, इथेच आहे!" तिचा आवाज आला.

मोठ्या सिस्टर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्ध्या उठल्या होत्या. तशाच थांबल्या. दाराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग चौकश्यांकडे.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "आता मी बसू?"

चौकश्यांनी होकाराची मान हलवली, आणि सिस्टर सावकाश खाली बसल्या.