एका कोटाची पलटण

भिंगकाकांनी उभं आयुष्य मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळलं. नटाचे आटे पाहून तो कुठल्या कारखान्यातला ते सांगत, आणि ते खरं निघे. अशा कामानं माणसाचं एक नुकसान होतं: वस्तू तेवढ्या खरं बोलतात आणि माणसं बोलण्याच्या भरात वाहवतात, असं त्याला वाटू लागतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी भिंग कपाटात ठेवायचं, ते मामाच्या फोटोवर धरलं.

मामा म्हणजे त्यांच्या आईचा थोरला भाऊ. मोठ्या लढाईत गेला, तो बेपत्ता झाल्याचं पत्र आलं, आणि आजीनं ते पत्र इतकं जपून ठेवलं की पुन्हा कुणाला सापडलंच नाही. मागे उरला एक फोटो: फौजी कोट, टोपी आणि ओठांत दाबलेलं हसू. आणि उरली मावशी, मामाची सगळ्यात धाकटी बहीण. आता नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू, जिभेनं ठणठणीत. तिचं मागणं एकच होतं.

"कुठं पडला तेवढं शोध. गावाचं नाव नाही मिळालं तर नदीचं, डोंगराचं, कशाचंही चालेल. मग मी जायला मोकळी."

भिंगकाकांनी टोपीवरचा बिल्ला ओळखला, खांद्यावरची अक्षरं लावली, पलटण हुडकली आणि तिच्या दफ्तराला पत्र घातलं. उत्तर आलं की या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. त्यांनी पुन्हा लिहिलं, जरा चढ्या आवाजात. पुन्हा तेच उत्तर.

"दफ्तर जळलं असणार," ते मावशीला म्हणाले. "लढाईत कागद आधी मरतात."

मावशीनं नुसता हुंकार भरला.

पण तोवर वस्तीत त्यांचा बोलबाला झाला होता. ज्याच्या घरचा कुणी लढाईवर गेला होता, तो फोटो घेऊन त्यांच्या पायऱ्या चढू लागला. अशातच चौकातला किल्लीवाला आला, त्याच्या आईच्या वडलांचा फोटो घेऊन. बिल्ला तोच, अक्षरं तीच. भिंगकाका हरखले, मामाचा सोबतीच घरी चालत आला की! पलटणीला पत्र गेलं, आणि ठरल्यासारखं उत्तर आलं: असा माणूस नव्हता.

या खेपेला मात्र त्यांनी दफ्तर जाळलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा, फौजेत जातो म्हणून घरातून निघालेला प्रत्येक जण पोचतोच असं नाही. वाटेत फाटे असतात. काय ते समजा."

किल्लीवाला समजला. फोटो बगलेत मारून गेला. घरच्या मालाला एक वजन आणि बाहेरच्याला दुसरं, असं गोदामात कुणी केलं असतं तर भिंगकाकांनी त्याला उभं केलं नसतं. पण स्वतःचा तराजू स्वतःला कधी वाकडा दिसतो का?

मग वाचनालयानं प्रदर्शन काढलं. वस्तीतल्या सैनिकांचे फोटो मोठे करून लावायचे आणि खाली नाव, पलटण, कुठं पडला ते लिहायचं. भिंगकाकांनी मनाशी ठरवलं की मामाच्या फोटोखाली पलटणीचं नाव ठोकून द्यायचं. दफ्तराचं दफ्तर जाणे, बिल्ला काही खोटं बोलत नाही. फोटो घेऊन ते स्टुडिओत गेले.

स्टुडिओवाल्याच्या टेबलावर वस्तीतले आणखी काही फोटो पसरले होते. सवयीनं भिंग बाहेर आलं. पहिल्या फोटोत कोटाचं वरून दुसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलेलं, फुलीसारखं. भिंगकाकांनी मामाकडे पाहिलं. तिथंही फुली. खिशाच्या झाकणावर रफू, कोंबडीच्या पायासारखं. शेजारच्या फोटोत कोंबडीचा पाय. त्याच्या शेजारी, कोंबडीचा पाय. एकाची बाही मनगटाच्या वर चढलेली, दुसऱ्याची पंजा गिळून बसलेली.

"अहो," भिंगकाकांनी विचारलं, "हे सगळे एकाच शिंप्याकडे जायचे का?"

स्टुडिओवाला हसला. "एकाच कोटात जायचे! आमच्या आजोबांनी जुन्या बाजारातून आणला होता, टोपीसकट. पोरं भरतीला निघायची, वर्दी मिळायची तिकडं गेल्यावर. आयांना फोटो आजच हवा. मग काय, चढवा कोट, मागून लावा चिमटे, आणि हसू नका म्हणून दम द्या."

"म्हणजे हा बिल्ला..."

"टोपीचा हो. डोक्याचा नव्हे." मग त्यानं भिंगकाकांचा चेहरा पाहिला आणि घाईनं विचारलं, "पाणी देऊ का, काका?"

भिंगकाका स्टुलावर बसले. इतकी वर्षं ते एका कोटाचा पत्ता शोधत होते, आणि कोट बिचारा कधी लढाईवर गेलाच नव्हता. मामाचं काय करायचं हे त्यांना सुचेना. पण त्याहून वाईट म्हणजे आपलंच वाक्य कानात परत आलं: काय ते समजा.

घरी मावशी खिडकीशी बसली होती. सांगायचं कसं, याची जुळवाजुळव त्यांनी जिन्यात केली होती. ती पहिल्याच वाक्याला फिसकटली.

"मावशी, तो फोटोतला कोट मामाचा नव्हता."

"मग? मी काय म्हणते त्याचा होता?" मावशी म्हणाली. "त्याच्या अंगाला तो तंबूसारखा होत होता. फोटोवाल्याचे चिमटे संपले, तेव्हा मागून मुठीत कापड धरून मीच उभी होते. 'हलू नको गं चिमणे' म्हणत होता आणि स्वतःच हसत होता."

भिंगकाकांनी फोटो बाहेर काढला. मामाच्या कमरेशी, कोटाच्या कडेला, चार बारीक ठिपके होते. त्यांनी ते केव्हाच ओळखून ठेवले होते: काडतुसांची पिशवी.

"ती माझी बोटं," मावशी म्हणाली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? पलटण सापडली, पलटण सापडली म्हणून नाचत आलास. मला वाटलं, सरकारी कागदात सापडली असेल. मला दिसतंय थोडंच तू कशावर भिंग धरतोस ते!"

ते तिच्यासमोर खाली बसले. एकच कोट साऱ्या वस्तीनं घातला, किल्लीवाल्याच्या आजोबांनीही, हे सांगून झालं. गोदामातला माल पुन्हा पहिल्यापासून मोजायला घ्यावा तसं त्यांनी हळूच विचारलं, "मामा काय घेऊन गेला गं जाताना?"

"हातोडा. फडक्यात गुंडाळून. घोड्यांना नाल मारायचा ना तो, त्याच कामासाठी फौजेनं घेतला होता त्याला. म्हणाला, बंदूक हातात दिली तर मी आपला परत येईन. आला नाही. म्हणजे दिली नसेल. किंवा दिली असेल आणि येता आलं नसेल. हे दोन्ही मी इतकी वर्षं मनात फिरवते आहे."

म्हणजे बंदुकीची पलटण नव्हेच. घोडे जिथं होते तिथं शोधायचं होतं. वाट नवी होती, लांब होती, आणि मावशी नव्वदीला टेकली होती. भिंगकाका कागद ओढून पत्र लिहायला बसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "त्या किल्लीवाल्याला सांगितलंस?"

"उद्या सांगतो. आधी हे पत्र..."

"आधी तिकडं जा. मी काही आज मरत नाही."

किल्लीवाल्याची टपरी म्हणजे उभं राहायला एक माणूस आणि टांगायला हजार किल्ल्या. तो कानस चालवत होता. मागच्या फळीवर एक फिकट चौकोन होता, फोटोच्या मापाचा. वरच्या खिळ्याला आता किल्ल्यांचे जुडगे लटकत होते.

भिंगकाकांनी सगळं सांगितलं. कोट, बटण, चिमटे. स्वतःचं वाक्यही सांगितलं, गाळलं नाही. किल्लीवाल्याची कानस थांबली नाही, नुसती मंदावली.

"तुमच्या घरात कुणी जुनं माणूस आहे का?" भिंगकाकांनी विचारलं. "आजोबा काय काम करायचे, जाताना काय घेऊन गेले, एवढंच विचारायचंय. त्यावरून पुन्हा..."

"होतं," किल्लीवाला म्हणाला. "आई. त्यांची लेक. तुम्ही सांगितलंत त्या दिवशी तिनं फोटो उतरवला, ट्रंकेत घातला, कुलूप लावलं. परत बापाचं नाव काढलं नाही. मागच्या थंडीत गेली."

भिंगकाकांनी फळीवरच्या त्या फिकट चौकोनाकडे पाहिलं.

"ट्रंकेची किल्ली?" त्यांनी विचारलं.

"कुठं ठेवली, सांगितलं नाही." किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली. "हसा आता. साऱ्या गावाची कुलपं उघडतो मी."

किल्लीवाल्यानं एक वाकडी तार उचलली आणि टपरीला लागून असलेल्या आपल्या बिऱ्हाडात गेला. बराच वेळ खुडबूड चालली होती. एवढा वेळ त्याला कुठल्याच कुलपाला लागत नसणार. मग खट् झालं. फोटो घेऊन तो आला, आणि भिंगकाकांचा हात भिंगाच्या खिशाकडे गेलेला पाहून म्हणाला, "ते नको. नुसतं बघा."

भिंगकाकांनी नुसतं पाहिलं. तोच कोट, तीच फुली. आखूड बाहीतून बाहेर आलेले दोन हात मात्र त्या माणसाचे स्वतःचे होते: रुंद, आणि उजव्या हाताची करंगळी तळहाताकडे कायमची वळलेली.

"ही करंगळी अशी कशानं झाली?"

किल्लीवाला फोटोकडे पाहत राहिला. त्याचा स्वतःचा हात फळीवर काहीतरी चाचपडत होता.

"आईला माहीत होतं," तो म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."