हवेचा जोड

घोडी का चढत नाही हे कळावं म्हणून मिलाडा कुचेरा स्वतःच ट्रेलरमध्ये चढली. घोडीच्या जागी उभी राहिली, आडव्या दांडीला घट्ट धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चालव."

"अगं, लोक बघतील," लुमिर पिकअपच्या खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला.

"कोण लोक? पवनचक्की?"

तेही खरंच होतं. त्या वाळूच्या टेकड्यांमध्ये गवत होतं, आभाळ होतं, आणि जवळचा शेजारी दोन टेकड्यांपलीकडे. लुमिरने गाडी पुढे घेतली. ट्रेलरची लांब वाकडी मान जिथे पिकअपच्या हौद्यातल्या लोखंडी गोळ्यावर बसते, तिथे खडाक् झालं आणि मिलाडाच्या कमरेतून निघालेली कळ थेट दातांपर्यंत गेली. गाडी थांबताना पुन्हा खडाक्. तिच्या डाव्या खुब्यात डॉक्टरांनी धातूचा सांधा बसवला होता, तोही बिचारा हादरला असेल. अंगणाची फेरी संपेपर्यंत रूझा घोडीचं म्हणणं तिला पुरतं पटलं होतं.

"मी घोडी असते तर तुला लाथ घातली असती," ती उतरताना म्हणाली.

"घोडी नसूनही तू काही कमी घातल्या नाहीस."

रूझा कुंपणापाशी उभी राहून हे सगळं पाहत होती. एके काळी ती राखाडी होती, आता पांढरीफटक झाली होती. वासरांना डाग द्यायच्या दिवसांत शेजारी एकमेकांकडे घोडे घेऊन मदतीला जातात, तेव्हा मिलाडा तिच्यावर बसून या मुलखातल्या प्रत्येक कुरणात जाऊन आली होती. पण गेल्या पानगळीपासून रूझा ट्रेलरपाशी यायची, फळीचा वास घ्यायची आणि पाय रोवून उभी राहायची. ओढून झालं, ढकलून झालं, गोडीगुलाबीने झालं. तिच्या मागच्या पायांचे सांधे गेले होते आणि तो खडाक् तिला आता सोसत नव्हता.

एरवी मिलाडाने म्हटलं असतं, राहू दे, नको चढूस. पण कुरण आणि घर शेजाऱ्याच्या मुलाला विकून झालं होतं, आणि जून लागला की दोघांनी गावातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला जायचं ठरलं होतं. तिथे लिफ्ट होती, खिडकीत कुंड्या ठेवायला जागा होती, घोडीला नव्हती. रूझाला लुमिरची पुतणी टेरेझा ठेवून घेणार होती, नदीपलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. चालत जाण्यासारखं अंतर नव्हतं. गुरांचा डॉक्टर रूझाचे पाय चाचपून म्हणाला होता, "ती ट्रेलरमध्ये चढली नाही, तर मला बोलवा. मी इथेच येईन." सुई टोचून तिला कायमचं झोपवायला, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या रात्रीपासून मिलाडाची झोप उडाली होती.

गावातल्या दुकानात डेलबर्टने ट्रेलरची मान पिकअपला अडकवायचे दोन जोड काढून काउंटरवर ठेवले. डेलबर्ट त्यांच्या मुलाच्या वयाचा, जन्मभर ट्रेलर आणि नांगर यांतच वाढलेला. एका जोडात जाड रबराची गादी होती. दुसऱ्यात हवेचा काळा फुगा होता, बिजागरीवर हलणाऱ्या लोखंडी हाताखाली दाबून बसवलेला.

"रबराचा घे," लुमिर म्हणाला. "रबर दिसतं, हाताला लागतं. हवेचं काय, आज आहे, उद्या नाही."

"रबर दणका खातं, काका," डेलबर्ट म्हणाला, "पण थोडाच. हवेचा जोड दणका मागे जाऊच देत नाही. मात्र त्याच्याकडे रोज बघावं लागतं. आत वजन किती, त्याप्रमाणे हवा कमीजास्त करायची. आळशी माणसाने घेऊ नये."

"मग हवेचाच दे," मिलाडा म्हणाली. "आमच्या घरात आळशी माणूस एकच आहे, आणि हवा मी बघणार आहे."

डेलबर्ट हसला. मग त्याने डोकं खाजवलं. "पण मिलाकाकू, ट्रेलर तर तुम्ही जूनमध्ये विकताय ना? एवढा भारीचा जोड, आणि खेपा किती होणार?"

"एक," मिलाडा म्हणाली.

नोकराला हाक न मारता डेलबर्टने तो जड जोड स्वतः खांद्यावर घेतला आणि बाहेर नेऊन पिकअपमध्ये ठेवला.

जुना जोड काढायलाच एक दिवस गेला. लुमिरच्या बापाने बसवला होता त्या दिवसापासून तो कोणी हलवलेला नव्हता. ट्रेलरच्या मानेत त्याची नळी गंजून बसली होती. लुमिरने बोल्ट सैल केले, तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, आईकडून शिकलेल्या चेक भाषेत शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी हात न लावता, तो आपणहून खाली घसरून पडला. लुमिर त्याच्याकडे बघत राहिला.

"बघ," तो म्हणाला, "याला सुद्धा कळलं, निघायचंय."

"बोल्ट आवळ," मिलाडा म्हणाली. तिला असलं बोलणं नको होतं.

नवा जोड नळीत सरकला. लुमिरने बोल्ट आवळले, पान्यातून टक् असा आवाज येईपर्यंत, मग वरून दुसरे नट चढवले, सुरक्षेच्या साखळ्या अडकवल्या, गोळ्याला ग्रीस फासलं. मग पंप घेतला आणि पुरुषांना जसं वाटतं की जास्त म्हणजे चांगलं, तशी हवा भरली. मिलाडा पुन्हा ट्रेलरमध्ये उभी राहिली. खडाक् तसाच, वर थोडा उसळतही होता.

"ढोल केलास तू त्याचा," ती म्हणाली. "सोड हवा. तो लोखंडी हात अधांतरी राहिला पाहिजे. ना वर टेकलेला, ना खाली."

हवा सुटली. तिसऱ्या फेरीला मिलाडाने डोळे मिटले. गाडी निघाली की नाही हेच आधी कळेना. फळ्यांच्या फटीतून ऊन येत होतं, पापण्यांवरून उजेडाच्या पट्ट्या सरकत होत्या, तेव्हा समजलं की आपण जातोय. पायाखालची जमीन वाहत्या पाण्यासारखी वाटत होती. लहानपणी गवताने भरलेल्या गाड्यावर उताणं पडून ती घरी यायची, आभाळ आपोआप मागे जायचं, आणि कोणी तरी पुढे बैलांशी बोलत असायचं. तिला उतरावंसं वाटेना. लुमिरने दार उघडलं तरी ती तशीच उभी होती.

"काय गं, दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच दुखत नाही."

मग रूझाची पाळी. ट्रेलर कुरणात दार उघडं टाकून उभा केला आणि ओट्सची बादली रोज थोडी आत, थोडी आत ठेवली. एके दिवशी रूझाचे चारही पाय फळीवर होते. तिचं खाणं चालू असताना लुमिरने तिच्या वजनाप्रमाणे हवा नीट केली. फुस्स झालं तेव्हा रूझाने एक कान मागे वळवला, तेवढंच. मग गाडी वीतभर हलवली. दुसऱ्या दिवशी दोन हात. घोडीने बादलीतून तोंड काढलं नाही.

निघायचा दिवस उजाडला तो धुकं घेऊन. ओलाव्यात रानगुलाबाचा वास होता आणि कुरणातले चंडोल एकमेकांना सारखे बोलावत होते. टेरेझासाठी कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, डब्यात, कॉफी थर्मासात, रूझा ट्रेलरमध्ये. गाडी मिलाडा चालवणार होती.

इकडच्या माणसांची एक सवय आहे. जोड लावला की ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचा आणि गाडी जराशी पुढे ओढायची. पाठीला हिसका बसला म्हणजे मागचं पुढच्याला धरून आहे. हे ज्याला त्याला बापाने शिकवलेलं असतं. मिलाडाने ब्रेक दाबला, गाडी ओढली. हिसका आलाच नाही, कोणी झोपेत कूस बदलावी तसं काहीसं जाणवलं. ती खाली उतरून जोड बघून आली. पुन्हा ओढलं, पुन्हा उतरली.

"अगं, लागलाय तो," लुमिर म्हणाला. "का रूझाकडून लिहून आणू?"

ती निघाली. वाट टेकड्यांच्या कुशीतून वळत जात होती. धुकं विरत होतं, सखल जागी तळी दिसत होती आणि त्यांवर पांढरे पेलिकन पक्षी न हलता बसले होते. जनावरांनी हद्द ओलांडू नये म्हणून प्रत्येक कुरणाच्या तोंडाशी रस्त्यात लोखंडी गज आडवे बसवलेले असतात. त्यांवरून गेलं की ट्रेलर धडधडायचा आणि लगेच मागून रूझाची लाथ ऐकू यायची. इतकी वर्षं हेच त्यांचं बोलणं होतं. मिलाडा म्हणायची, "कळलं, बाई, कळलं." आज पहिले गज गेले. मागे चिडीचूप. दुसरे गेले. शेवटच्या गजांवरून गाडी उतरली, म्हणजे त्यांची हद्द संपली, तरी मागून चकार शब्द नाही. जन्मभर पाठीवर असलेलं ओझं एकाएकी गायब व्हावं, तसं तिला भलतंच हलकं वाटायला लागलं, आणि त्या हलकेपणाची भीती वाटली.

"ती पडली असणार," मिलाडा म्हणाली.

"पडली असती तर आवाज झाला असता."

"मग मेली असणार."

"मिला, गाडी चालव."

पण तिने गाडी थांबवली. लंगडत मागे गेली, खिट्टी काढली आणि दार उघडलं. रूझा झोपली होती. उभ्याउभ्या, खालचा ओठ लोंबत, दुखरा मागचा पाय जरासा उचलून टेकवलेला. एवढी शांत झोपलेली मिलाडाने तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती, आणि तिचे डोळे भरून आले. पण उघडलेल्या दाराचा अर्थ रूझाला एकच माहीत होता, आणि तो मिलाडानेच तिला शिंगरू असताना शिकवला होता. दार उघडलं की मागे सरायचं आणि उतरायचं. घोडीने डोळे उघडले, मागे सरली, एकेक पाय जपून खाली टाकला आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली.

"झालं," लुमिर म्हणाला.

ओट्सची बादली घरीच राहिली होती. मिलाडाने दोर धरला, पण ओढला नाही. रूझाने मान वळवून गजांपलीकडे पाहिलं, जिकडून ते आले होते. धुकं पुरतं गेलं होतं. टेकडीमागून टेकडी हिरवी दिसत होती, वारा गवतावरून हात फिरवत जात होता, आणि लांब त्यांच्या घरची पवनचक्की आणखी कोणासाठी तरी पाणी उपसत होती.

मग लुमिर हळूच म्हणाला, "बाजूचं फाटक उघडू का? गजांवरून ती यायची नाही. फाटकातून नेऊ तिला चालवत, हळूहळू. दुपारपर्यंत घरी पोचू."

घरी पोचू, म्हणजे डॉक्टरला बोलवू. दोघांनाही ते कळत होतं. इतके दिवस मिलाडाने देवाकडे एकच मागितलं होतं, की ही चढू दे. आणि आता, या रस्त्यावर, तिचं मन घोडीला म्हणत होतं, चढू नकोस. फाटक उघडू दे. परत जाऊ. आपल्या मनात हे आलं, म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, कारण त्याची किंमत रूझाने भरायची होती. पण आलं ते आलं.

रूझाने नाकातून जोराने हवा सोडली. मग ती वळली, मान खाली घातली, फळीचा वास घेतला. पुढचा पाय वर ठेवला, दुसरा ठेवला, दुखऱ्या पायावर क्षणभर थांबली आणि आत गेली. दोर मिलाडाच्या हातातून सरकत सरकत सुटला. आत जाऊन रूझा आपल्या जागी उभी राहिली आणि मागचा पाय तिने पुन्हा तसाच टेकवला.

लुमिरने तिचा दोर बांधला, दार लावलं, खिट्टी घातली. मिलाडा गजांकडे तोंड करून रस्त्यातच उभी होती. तो तिच्याजवळ आला. मग काय वाटलं कोण जाणे, तिला न बोलावता पलीकडे गेला आणि चालवणाऱ्याच्या शेजारचं दार उघडून धरलं.

"चल," तो म्हणाला.

"थांब जरा."

"ती उभी आहे, मिला. तिचे पाय दुखतात."

मिलाडाने आणखी एकदा टेकड्यांकडे पाहिलं. मग आली, दाराची कड धरली, चांगला पाय आधी वर घेतला, मग दुसरा, आणि बसली. लुमिरने दार बाहेरून लावलं आणि स्वतः चालवायला जाऊन बसला. त्याने गाडी कधी हलवली ते तिला समजलंच नाही. खिडकीतलं कुंपण मागे सरकायला लागलं, तेव्हा तिला कळलं, आपण निघालो.